अरे ठोंब्या मी आहे

४ जून

प्रिय आत्या,

पत्र ऑफिसच्या प्रिंटरवर छापलंय म्हणून नाक मुरडू नकोस. माझं अक्षर तुला लागत नाही, अशी गेल्या वेळी तूच तक्रार केली होतीस. फोनच करणार होतो, पण दिवसभर मीटिंगा असतात आणि संध्याकाळी बोलायचं त्राण उरत नाही.

काम असं आहे. ज्येष्ठांच्या एका निवासासाठी आमच्या कंपनीने अर्जाचा फॉर्म केलाय, म्हणजे मीच केलाय. खोली हवी असेल त्याने घरबसल्या इंटरनेटवर अर्ज भरायचा. पूर्वीचे असले फॉर्म फार छळायचे. सगळं भरून शेवटचं बटण दाबलं की पान गायब व्हायचं आणि कोरं होऊन परत यायचं. वर लाल अक्षरात ‘पत्ता अपुरा’. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं भरा, पुन्हा दुसरी चूक. माझ्या फॉर्ममध्ये पान जागचं हलतच नाही. तू रकान्यात लिहीत असतानाच फॉर्म मागच्या मागे आमच्या मशीनला विचारून येतो. बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकलं तर तिथल्या तिथे लाल सूचना. सगळं हिरवं झालं तरच ‘सादर करा’ हे बटण उजळतं. चूक करून पुढे जायची सोयच ठेवली नाही मी.

अडचण एवढीच, की लोक अर्ध्यातून उठून जातात. साहेब म्हणाले, त्या वयाच्या कोणाकडून तरी भरवून बघा. आता त्या वयाचं माझ्या ओळखीचं तुझ्याशिवाय आहे कोण? तू आपलं खोटंखोटंच भर आणि कुठे अडतेस ते कळव. फक्त शेवटचं बटण दाबू नकोस, नाहीतर खरंच खोली मिळेल आणि जाऊन राहावं लागेल!

तुझा
ठोंब्या


११ जून

ठोंब्यास आत्याचे आशीर्वाद. ते आहेतच, पण आधी भांडण.

तू दिलेला लॅपटॉप काढला. शिकवायला येतो म्हणाला होतास ते राहूनच गेलं, म्हणून खालच्या शिवणवालीच्या विनवण्या करून चालू करून घेतला. पण पलीकडे तू स्वतः बसला असशील हे मला ठाऊक नव्हतं. निदान पत्रात तसं लिहायचं तरी!

नावाच्या रकान्यात मी पहिलं अक्षर टाकलं मात्र, तू लाल होऊन म्हणालास, ‘नाव किमान तीन अक्षरी असावे.’ अरे, तीन अक्षरं लिहायची तर आधी पहिलंच लिहावं लागतं ना? टेलिफोन चौकशीच्या बोर्डावर माझी सगळी नोकरी गेली, पण समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी कधी तोंड उघडलं नाही. लोक आधी चुकीचं नाव सांगतात, मग थोडं थांबतात आणि आपलं आपणच सुधारतात. तेवढा श्वास त्यांना द्यावा लागतो. लहानपणी घास तोंडात असताना बोलू नकोस म्हणून तुझ्यावर ओरडायचे मी. आता माझ्या तोंडात शब्द असताना तू बोलतोस.

मग मी लिहिलं, ‘थांब, लिहितेय’. तर म्हणालास, ‘नावात स्वल्पविराम चालत नाही.’ स्वल्पविराम म्हणजे काय हे ज्या बाईने तुला शिकवलं तिला तू हे सांगावंस! बरं, असेल एखादा नियम, म्हणून स्वल्पविराम गाळून लिहिलं, ‘अरे ठोंब्या मी आहे’. आणि काय सांगू, लगेच हिरवी खूण! ओळखलंस एकदाचं. मला इतकं बरं वाटलं की उठून चहा करून आणला आणि मगच पुढचं भरायला बसले.

वयात ‘अडुसष्ट’ लिहिलं, तर ‘कृपया योग्य वय लिहा’ म्हणालास. योग्य वय कोणतं ते तूच सांग बाबा, मी तेवढी होते. ‘सध्याच्या घरातील अडचण’ या रकान्यात लिहिलं की तिसरा मजला आहे, गुडघे जिना चढू देत नाहीत आणि मालक इमारत पाडणार आहे, महिन्याअखेर खोल्या सोडायला सांगितल्यात. खोटंखोटं भर म्हणाला होतास ना, म्हणून आपलं असंच काहीतरी.

एक मात्र आवडलं. फोन उचलत नाहीस, पण इथे शब्दाला शब्द देतोस. उद्या पुन्हा बसेन म्हणते. साधारण किती वाजता असतोस?

आत्या


२२ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. लोक पोट धरधरून हसले. आमचे साहेब कधी हसत नाहीत, तेसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते.

आत्या, अगं, पलीकडे कोणी नसतं! तू फॉर्म भरत होतीस तेव्हा मी मीटिंगमध्ये असेन नाहीतर झोपलेला. ते सगळं मशीन बोलतं. त्याला तुझं नाव कळत नाही, नावाचा आकार तेवढा कळतो. तीन किंवा जास्त अक्षरं आहेत, मध्ये अंक नाहीत, चिन्हं नाहीत, झालं त्याचं समाधान. उद्या ‘टेबल खुर्ची’ लिहिलंस तरी ते हिरवी खूण करून तुला आत घेईल. खरं आहे की खोटं, हे बघणं त्याचं कामच नाही.

पण तुझी तक्रार अगदी खरी. माणूस लिहीत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आता रकाना सोडून पुढच्यात गेल्यावरच तपासणी होते, आणि वय अक्षरी लिहिलेलंही चालतं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ‘समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्या’ हे तुझं म्हणणं मोठ्या अक्षरांत छापून आमच्या भिंतीवर लावलंय.

तुझ्या पत्राचं दुसरं पान घाईत नीट वाचायचं राहिलं, पण वरवर पाहिलं तर गुडघे, जिना वगैरे आहे, नमुन्यादाखल एकदम छान जमलंय. पुढचे रकानेही भर.

तुझा
ठोंब्या


२८ जून

प्रिय ट्रंककॉल,

तुझं हे नाव लिहिताना आजही रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावासा वाटतो. तू शेजारच्या बोर्डावर बोलायचीस आणि माझ्या सात नंबरच्या बोर्डावरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जायचं. तिथे निवासात तरी हळू बोलतेस की नाही?

तुला खरं सांगते, कारण तुझ्याशी खोटं बोलले तर तू साऱ्या मजल्याला ऐकवशील. तुझ्या शेजारची तळमजल्यावरची खोली मला हवी आहे. मालकाने महिन्याची मुदत वाढवून दिलीय, पण त्यापुढे एक दिवसही नाही. ठोंब्याला मी हे सरळ सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल ‘माझ्याकडे ये’, आणि ते कर्तव्य म्हणून म्हणेल. मग मी दिवसभर त्याच्या बंद फ्लॅटमध्ये कुलपासारखी लटकून राहीन. ते मला नको. पण न सांगता त्याने एकदा विचारावं, ‘आत्या, गुडघे खरंच दुखतात का गं?’ एवढी हाव मात्र सुटत नाही. वहिनी गेली तेव्हा एवढासा होता, माझ्या हातून जेवला, माझ्याच अंथरुणात झोपला. त्याच्या कण्हण्यावरून ताप किती आहे ते मला कळायचं. मी पत्रात सगळं लिहून पाठवलं, तर त्याने ते ऑफिसात वाचलं आणि लोक हसले.

तर ठोंब्याने केलेला तो फॉर्म, नेमका तुमच्याच निवासाचा. पलीकडे कोणी नसतं म्हणे. एवढं लगेच उत्तर येतंय म्हणून मला आपलं वाटलं होतं. असो. आता मी ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यापाशी येऊन अडकलेय. त्याला लाल तारा आहे, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. तिथे ठोंब्याचाच नंबर घातला. घातला की लगेच त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो, ‘अमुक यांचे आपण जवळचे नातेवाईक आहात का? असल्यास १ पाठवा.’ त्याला कळावं म्हणून नावाच्या रकान्यात मी मुद्दाम ‘अरे ठोंब्या मी आहे’ तसंच ठेवलं. मग पडद्यावर एक चक्र फिरत राहतं. दोन मिनिटं फिरतं आणि लाल होतं, ‘नातेवाइकाकडून प्रतिसाद नाही.’

तीन दिवस रोज बसले. जन्मभर लोकांना ‘पलीकडून उत्तर येत नाही’ असं मी सांगितलं, कोणाला कसं वाटत असेल याचा कधी विचार केला नाही. त्याने एकदा १ पाठवला तर त्याला सगळं सांगून टाकेन आणि तो म्हणेल तसं करेन, असं ठरवलंय. नाही पाठवला तर खोलीही नाही. गंमत बघ, त्याच्यापासून लांब जायलासुद्धा मला तोच लागतोय.

तुझी
सात नंबर


३ जुलै

सात नंबर,

रडगाणं बंद कर. तुझं पत्र वाचून मी ओरडले, तर इथली नर्स धावत आली.

खोली अजून आहे. पण एका निवृत्त बँडमास्तरचा तिच्यावर डोळा आहे. तो परवा बघून गेला, भिंतीवर टिचकी मारून आवाज कसा घुमतो ते तपासत होता. त्याचाही अर्ज नातेवाइकाच्याच रकान्यात अडकलाय. मुलगा परदेशी, तो झोपतो तेव्हा हा जागा आणि हा झोपतो तेव्हा तो. इथल्या व्यवस्थापक बाई म्हणतात, ज्याचा फॉर्म आधी हिरवा होईल त्याची खोली, आमच्या हातात काही नाही. म्हणजे तुम्हा दोघांत ज्याचा नातेवाईक आधी जागा होईल तो जिंकला.

माझं कसं जमलं विचारशील, तर मी सरळ लाँड्रीवाल्याचा नंबर घातला होता. दोन मिनिटं कसली, चक्र अर्धं फिरायच्या आत त्याने १ पाठवला. फार मोठ्या मनाचा माणूस. हवा असेल तर तुझाही जवळचा नातेवाईक व्हायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय.

आणि ये लवकर. इथे सगळी माणसं इतकी हळू बोलतात की मला वेड लागायची पाळी आलीय.

ट्रंककॉल


८ जुलै

ठोंब्यास,

तू केलेली सुधारणा पाहिली. आता फॉर्म मध्ये बोलत नाही. मी रकाना सोडून जाते तेव्हा बोलतो. माणसांचंही बऱ्याचदा तसंच असतं.

एक विचारायचं होतं. गेल्या पंधरा-वीस दिवसांत तुला एखादा मेसेज आला होता का? जवळचा नातेवाईक आहात का, असा? नातेवाइकाच्या रकान्यात तुझा नंबर घातला होता म्हणून विचारते. बघितला नसलास तरी काही बिघडत नाही, खोटाच फॉर्म तो.

पण एक सूचना लिहून घे. ज्याला नातेवाईकच नाही, किंवा आहे पण सापडत नाही, अशा माणसाने काय करायचं? तुझ्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नाही. तो बिचारा त्या चक्राकडे बघत बसतो. मला एका मैत्रिणीने लाँड्रीवाल्याचा नंबर घालायला सांगितला, तोही हिरवा होईल म्हणे. पण माझं मन घेत नाही. दुसऱ्याला तुझ्या जागी बसवायचं म्हणजे जरा जड जातं.

सध्या पुस्तकं खोक्यांत भरतेय. सहज.

आत्या


१५ जुलै

प्रिय आत्या,

तू म्हणजे ग्रेट आहेस! लोक नेमके कुठून उठून जातात याचा तक्ता काढला, तर अर्ध्याहून जास्त लोक ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यावरच सोडून जातात. आम्ही सगळे रंग, अक्षरांचा आकार, बटणाची जागा यांवर महिनाभर डोकं फोडत होतो, आणि तू घरात बसून बरोबर बोट ठेवलंस.

तुझी सूचना साहेबांपुढे ठेवली. ते म्हणाले, तारा काढून टाका. काढून टाकला! आता नातेवाईक ऐच्छिक. कोणीही एकटं माणूस, कोणालाही न विचारता, विनाअडथळा पुढे जाऊ शकतं. वाटेत एकही लाल अक्षर नाही. हे सगळं तुझ्यामुळे. मला त्यावर बढती मिळायची चिन्हं आहेत, मिळाली की तुला मोठ्ठं बक्षीस.

मेसेजचं म्हणशील तर टेस्टिंगचे मेसेज रोज ढिगाने येतात. ऑफिसातली पोरं माझा नंबर घालून काहीबाही नावं टाकून ठेवतात, ‘टेबल खुर्ची’, ‘आलो रे बाबा’ वगैरे. म्हणून ते मेसेज ज्या नंबरवरून येतात तो मी कधीच गप्प करून टाकलाय. तुझाही त्यातच गेला असेल, मनावर घेऊ नकोस.

पुस्तकं आवरतेस ते बरं करतेस, धूळ फार साठते. पुढच्या महिन्यात नक्की येतो.

तुझा
ठोंब्या


१९ जुलै

ठोंब्यास,

शेवटचं बटण दाबलं.

तू नको म्हणाला होतास, पण सगळं हिरवं झाल्यावर ते असं उजळलं की राहवेना. नावाच्या रकान्यात या वेळी माझं खरं नाव लिहिलं, तेही हिरवंच झालं. नातेवाइकाचा रकाना रिकामा ठेवला. कोणी काही विचारलं नाही. तू म्हणालास तसं पान जागचं हललं नाही, मीच हलले.

इथे एक बँडमास्तर माझ्या मागे रांगेत होता. तो दुपारी जेवायला उठला तेवढ्यात मी बाजी मारली. तो आता वरच्या मजल्यावर येतोय म्हणे. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही, खिडकीतून फाटकापर्यंतचं सगळं दिसतं. शेजारी माझी जुनी मैत्रीण आहे, तिचा आवाज भिंतीतून येतो, सोबत होते.

रागावून आलेले नाही. रागावले होते ते चक्र फिरत होतं तेव्हा, आता नाही. गुडघे खरे होते, मालक खरा होता, महिनाअखेर खरी होती. तुझ्या मशीनने माझा शब्द न् शब्द तपासला, तुला एकदाही तपासावासा वाटला नाही, याचं मात्र वाईट वाटलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

घरचा टेलिफोन काढून टाकला. मैत्रिणीने मोबाइल घ्यायला लावलाय, त्याचा नंबर निवासाच्या मशीनमध्ये आहे. पत्ता तुझ्या फॉर्मच्या तळाशी तूच टाकलायस.

आत्या


२४ जुलै, निवासाचं फाटक

आत्या,

हाताने लिहितोय, पाकीट फाडून त्याच्या आतल्या बाजूवर. पेन पहारेकऱ्याचं आहे. लागेल तेवढं वाच.

तुझं पत्र मिळालं आणि आधी फोन लावला. बाई म्हणाली, ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही.’ तू नव्हतीस ती, रेकॉर्ड केलेली होती. मग घरी गेलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत पळत चढलो आणि वर पोचल्यावर मलाच दम लागला. दाराला मालकाचं कुलूप होतं. त्या जिन्यावर बसून तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली, दुसऱ्या पानांसकट.

मग तो गप्प करून ठेवलेला नंबर उघडला. शेकडो मेसेज आहेत. खाली खाली जात राहिलो आणि एकदम दिसलं: ‘“अरे ठोंब्या मी आहे” यांचे आपण जवळचे नातेवाईक आहात का? असल्यास १ पाठवा.’ असे तीन. मी तिन्हींना १ पाठवला. उत्तर आलं, ‘मुदत संपली आहे.’ ते वाक्य माझंच, मीच लिहिलंय.

इथे पोचलो तर पहारेकरी आत सोडेना. म्हणतो, भेटायचं असेल तर वेबसाइटवर भेटीचा फॉर्म भरा. मी म्हटलं, अहो, तो फॉर्मही मीच केलाय. तो म्हणाला, मग तर तुम्हाला भरता येईलच.

उभ्या उभ्या मोबाइलवर भरला. नात्याच्या यादीत मुलगा, मुलगी, सून, जावई, इतर एवढंच आहे. ‘इतर’ निवडलं. तुला मेसेज गेला असेल, यांना ओळखता का म्हणून. चक्र फिरलं, फिरलं आणि लाल झालं. ‘रहिवाशाकडून प्रतिसाद नाही.’ दोन मिनिटं केवढी मोठी असतात गं! मला वाटायचं, थोडीच आहेत.

हे पाकीट पहारेकऱ्याच्या हाती आत पाठवतोय. कागद न्यायला फॉर्म लागत नाही, हे त्याने मला सांगितलं. आत्या, गुडघे खूप दुखतात का? मी इथेच उभा आहे.

ठोंब्या


२४ जुलै, खिडकीपाशी

ठोंब्या,

तुझ्याच पाकिटाच्या पाठीमागे लिहून पाठवतेय. अक्षर अजूनही तसंच आहे, गाढवा. ‘गुडघे’ हा शब्द मी तीनदा वाचला तेव्हा लागला, आणि लागल्यावर चौथ्यांदा वाचला.

दुखतात. पण इथे जिना नाही, त्यामुळे पुष्कळ बरे आहेत. मी इथून हलणार नाही हे आधीच सांगते, म्हणजे आत येऊन ‘माझ्याकडे चल’ची टकळी लावायची नाही. मला ही खोली आवडलीय. तू मात्र यायचंस, आणि मीटिंग नसेल तेव्हा नव्हे, असेल तेव्हा.

तुझा मेसेज आला होता. मोबाइल हातातच होता. ट्रंककॉल म्हणाली, लगेच १ पाठवू नकोस, जाऊ देत दोन मिनिटं, एकदा त्यालाही बघू दे चक्र. मी ऐकलं तिचं. खिडकीतून मला तू दिसत होतास, मोबाइल तोंडाजवळ धरून उभा, लहानपणी शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघायचास तसाच. दुसरं मिनिट मला काही बघवेना, पण ट्रंककॉलने माझा हात धरून ठेवला होता.

आता पुन्हा भर. ‘इतर’ काय निवडतोस? यादीत भाचा नसेल तर यादी बदल, तुझीच आहे. आणि नावाच्या रकान्यात तुझं नाव लिहू नकोस. लिही, ‘अगं आत्या मी आहे’. स्वल्पविराम घालू नकोस, तो चालत नाही. हिरवी खूण येईल, मला माहीत आहे.

घाबरू नकोस, लिही. या वेळी पलीकडे मी बसले आहे.

आत्या